आपत्ती आणि आयुष्याची नवी घडी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा केली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उभे आयुष्य खडू-फळ्याच्या संगतीत घालविलेला आणि आता सेवानिवृत्त झालेला असा मी एक शाळामास्तर आहे. तेव्हा माझ्याकडून आपण तत्त्वज्ञानाची अपेक्षा करू नये. शाळामास्तराला जे सुचेल तेच मी सांगणार आहे आणि शेवटी मंडळापुढे दोनतीन सूचना ठेवणार आहे. त्या सूचनांचा विचार व्हावा, एवढ्यासाठीच हा सारा प्रपंच आहे.

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी श्रद्धांजलीची काही पाने असतात. २०२० आणि २०२१ या दोन साली करोनाची साथ आली आणि तिने कितीतरी घरांतील कर्ती माणसे ओढून नेली. काही घरांत तर अंत्यदर्शनही घडले नाही. साथ ओसरली, बाजार उघडले, शाळा भरल्या, लग्ने वाजतगाजत होऊ लागली. परंतु ज्या घराचा आधार गेला, त्या घराचे पुढे काय झाले? श्रद्धांजलीच्या पानावर छायाचित्र छापले म्हणजे आपले कर्तव्य संपले काय? हा प्रश्न मला गेली काही वर्षे अस्वस्थ करीत आहे आणि आजच्या भाषणाचा विषय त्यातूनच निघाला आहे.

आपल्या भाषेत ‘स्मशानवैराग्य’ असा एक मार्मिक शब्द आहे. चितेपुढे उभे असताना मनुष्याला जगाची असारता पटते. आता व्यसन सोडीन, भावाशी असलेला जमिनीचा तंटा मिटवीन, मुलांकडे लक्ष देईन, असे निश्चय तो मनोमन करतो. परंतु घरी येऊन स्नान केले, पाणी प्यायला, की ते वैराग्य त्या स्नानाबरोबर वाहून जाते. आपत्ती माणसाला हलविते हे खरे. पण हललेला माणूस बदलतोच असे नाही. बहुधा तो थोड्या दिवसांनी पूर्वीच्याच जागी येऊन बसतो, किंवा खचून पूर्वीहूनही खाली जातो. मग ज्यांच्या आयुष्याची घडी आपत्तीने पार विस्कटली आणि तरीही ज्यांनी नवी घडी घातली, एवढेच नव्हे तर ती शेवटपर्यंत मोडू दिली नाही, त्यांनी असे काय केले? स्मशानवैराग्य आणि टिकणारे परिवर्तन यांत भेद कोणता?

याचा शोध घेण्यासाठी मी आपल्यापुढे आपल्याच महाराष्ट्रातील काही माणसे उभी करणार आहे. ती आपल्या ज्ञातीची की परज्ञातीची, हा प्रश्न मी गौण मानतो. दुःखाला ज्ञाती नसते आणि धैर्यालाही नसते.

पहिले उदाहरण श्रीमती रमाबाई रानडे यांचे. त्यांचा जन्म १८६२ सालचा. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचा विवाह न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. माधवरावांनी त्यांना पाटीवर मुळाक्षरांपासून शिकविण्यास आरंभ केला. पुढे मराठी वाचन झाले, इंग्रजीही झाले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ही गोष्ट रुचत नसे. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणे हे नित्याचेच होते. रमाबाईंनी उलट उत्तर न करता घरची कामे केली आणि धडाही चुकविला नाही. हा क्रम दिवसांमागून दिवस, वर्षांमागून वर्षे चालला.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती निवर्तले. रमाबाईंना तेव्हा एकोणचाळिसावे वर्ष चालू होते. त्या मुंबई सोडून पुण्यास आपल्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर एकांतात राहिल्या. हे वर्ष मला फार महत्त्वाचे वाटते. चरित्रे वाचताना आपण ते घाईने ओलांडून जातो; कारण त्यात पराक्रम दिसत नाही. पण दुःखाला त्याचा स्वतःचा काळ द्यावा लागतो. ताज्या जखमेवर कोणी कर्तबगारीचे कापड पांघरू पाहील तर जखम आत चिघळते. वर्षानंतर त्या हळूहळू बाहेर पडल्या. तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटावे, रुग्णालयात जाऊन आजाऱ्यांची विचारपूस करावी, अशी लहान लहान कामे त्यांनी केली. त्यांतून मोठे काम उभे राहिले. १९०८ साली मुंबईत आणि १९०९ साली पुण्यात सेवासदनाची स्थापना झाली. प्रौढ स्त्रियांना, विशेषतः विधवांना, लिहिणे-वाचणे, शिवण, शुश्रूषा यांचे शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे हे त्या संस्थेचे कार्य. रुग्णशुश्रूषा म्हणजे हलके काम, अशी ज्या काळी घरंदाज कुटुंबांची समजूत होती, त्या काळी त्यांनी स्त्रियांना त्या शिक्षणासाठी पाठविले. १९१० साली ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९२४ साली त्यांचा अंत झाला. तोवर त्या कामात होत्या.

येथे आपण एक गोष्ट ध्यानात घेऊ. सेवासदन उभारणारी स्त्री १९०१ साली एकाएकी जन्मास आली नाही. पाटीवरच्या त्या मुळाक्षरांपासून सत्तावीस वर्षे तिची घडण चालली होती. आपत्तीच्या दिवशी कामास आले ते सुखाच्या दिवसांत रोज थोडे थोडे साठविलेले बळ. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेणाऱ्याची जी गत होते, तीच संकट आल्यावर धैर्य गोळा करू पाहणाऱ्याची होते.

कोणी म्हणेल, रमाबाईंची गोष्ट निराळी. त्यांना न्यायमूर्तींसारखा गुरू पती लाभला, घरची स्थिती बरी होती. आक्षेप योग्य आहे. म्हणून दुसरे उदाहरण ज्यांना यांतले काही नव्हते त्यांचे घेऊ.

श्रीमती पार्वतीबाई आठवले या मूळच्या देवरुखच्या. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगा. शिक्षण नाही, द्रव्य नाही. त्या काळच्या रूढीप्रमाणे केशवपन झाले. त्यांच्या भगिनीचा पुढे महर्षी कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला होता. त्या आधाराने पार्वतीबाई पुण्यास आल्या आणि पंचविशी उलटल्यावर मुळाक्षरे गिरवू लागल्या. पुढे त्या महर्षींच्या आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करू लागल्या. परंतु विधवेचा वेष त्यांनी सोडला नव्हता. मस्तकावरचा पदर आणि केशवपन तसेच होते. त्याच वेषात त्यांनी वर्षानुवर्षे स्त्रीशिक्षणाचे काम केले. १९१२ साली, मनाची पूर्ण खात्री झाल्यावर, त्यांनी केशवपन बंद केले. त्याबद्दल टीका सोसावी लागली. ती त्यांनी सोसली. पुढे १९१८ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास, त्या इंग्रजी शिकण्यासाठी आणि आश्रमाकरिता निधी जमविण्यासाठी अमेरिकेस गेल्या. भाषा तोकडी होती, पैसा तुटपुंजा होता. परक्यांच्या घरी घरकाम करून त्यांनी तेथे दिवस काढले. ‘माझी कहाणी’ या नावाने त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले आहे. आपल्या मुलींनी ते अवश्य वाचावे.

या चरित्रातील धडा असा, की बदल एका झटक्यात होत नाही आणि व्हावा असा हट्टही धरू नये. ज्या बाईने पंचविशीनंतर पाटी हाती घेतली, तिला विधवेचा वेष उतरविण्यास आणखी बरीच वर्षे लागली. कोणी तिला पहिल्याच दिवशी म्हटले असते, की वेष टाक, नाहीतर तू सुधारलेली नव्हेस, तर ती कदाचित आल्या पावली परत गेली असती. तिला शिकू दिले, काम करू दिले; वेषाचा निर्णय तिचा तिच्यावर सोपविला. आपले मन जेवढे पुढे गेले तेवढेच पाऊल तिने टाकले. म्हणूनच टाकलेले पाऊल कधी मागे घ्यावे लागले नाही.

तिसरे उदाहरण स्वतः महर्षी धोंडो केशव कर्वे आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे. आनंदीबाई म्हणजे पूर्वाश्रमीच्या गोदूबाई. अगदी बालपणी लग्न आणि त्यानंतर काही महिन्यांतच वैधव्य. पुढची कितीतरी वर्षे सासरच्या घरी राबण्यात गेली. त्यांचे बंधू नरहरपंत यांनी त्यांना मुंबईस आणले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदासदन उघडले तेव्हा त्या तेथे पहिल्या विधवा विद्यार्थिनी झाल्या. इकडे १८९१ साली महर्षींच्या प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. त्याच साली ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. त्यांना एखादी अल्पवयीन कुमारिका सहज मिळाली असती. तशी त्या वेळची रीतच होती. परंतु विवाह केला तर विधवेशीच, हा त्यांचा निश्चय होता. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झालेला होता. पण कायद्याचे पुस्तक कपाटात आणि समाज आपल्या जागी, अशी स्थिती होती. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ज्या गावात ते वाढले त्याच गावात त्यांना आपल्या घराचा उंबरा परका झाला.

ज्ञातिबंधूंनो, हा बहिष्कार कोणी परक्यांनी घातला नव्हता. आपल्यासारख्याच सभ्य, देवभीरू, पापभीरू माणसांनी आपली एकी राखण्यासाठी तो घातला होता. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावरून बोलताना हे विसरून चालणार नाही. संकटात सापडलेल्याला हात देण्याचे सामर्थ्य ज्ञातीत आहे, तसेच त्याच्या तोंडावर दार लावण्याचेही आहे. आता महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालचा कायदा आहे. पण न बोलता घातलेल्या बहिष्काराला कोणता कायदा अडविणार? त्याचा विचार पुढे करू.

एवढ्या विरोधापुढे महर्षींचा निश्चय टिकला कसा? ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. त्यांनी निश्चयाचे रूपांतर दिनक्रमात केले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो गावाबाहेर हिंगण्यास गेला. तेथे आरंभी एक झोपडी होती. दिवसा महाविद्यालयात गणित शिकवावे आणि नंतर सुमारे चार मैल पायी हिंगण्यास जावे. वाटेत चिखल, काटे, काळोख. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. ज्या परिसराला आज कर्वेनगर म्हणून ओळखतात, तेथवरची ही पायपीट होती. त्या चालण्यातून १९०७ साली महिला विद्यालय निघाले आणि १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन झाले. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि १९६२ साली, एकशे चार वर्षांचे आयुष्य पूर्ण करून, ते निवर्तले.

आता शाळामास्तराच्या भाषेत सांगतो. मुलाचे अक्षर वाईट असले तर ‘उद्यापासून चांगले काढीन’ या त्याच्या शपथेने ते सुधारत नाही. रोज कित्त्याचे एक पान गिरवावे लागते. आठवडाभर काही फरक दिसत नाही. महिन्याने वळण किंचित बदलते. वर्षाने तो स्वतःच जुनी वही पाहून हसतो. मात्र त्यासाठी तीन गोष्टी लागतात: समोर कित्ता हवा, रोजचे पान हवे, आणि वही पाहून ‘ठीक’ असा शेरा मारणारे कोणीतरी हवे. आयुष्याच्या अक्षराचेही असेच आहे. ज्यांच्याकडे पाहून चालावे अशी माणसे, चुकवू नये असे रोजचे लहानसे काम, आणि आपण ते करतो की नाही याची मायेने दखल घेणारा आप्त. या तिहींच्या योगाने बदल टिकतो. यांतील पहिल्या दोन गोष्टी माणूस स्वतः मिळवील. तिसरी त्याला एकट्याने मिळविता येत नाही. रमाबाईंना पती होते, गोदूबाईंना बंधू होते, पार्वतीबाईंना बहीण होती. जिला यांपैकी कोणीच नाही तिचे काय? तिचे कोणीतरी व्हावे, यासाठीच संस्था असतात.

अलीकडची एक घटना आपणा सर्वांना ठाऊक असेल. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तेथील ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात पाळावयाच्या नाहीत. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुसरावे असे आवाहन केले. एका खेडेगावाने हे केले, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ठराव हाही स्मशानवैराग्य ठरू शकतो. टाळ्या पडतात, इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढच्या संक्रांतीस हळदीकुंकवाच्या वेळी शेजारच्या बाईला वगळून आमंत्रणे जातात. मघाशी मी ज्याला न बोलता घातलेला बहिष्कार म्हटले तो हाच. कोणी अपशब्द बोलत नाही, कोणी दार लावत नाही; फक्त बोलावणे येत नाही. मुलीच्या लग्नात आईच मागच्या रांगेत बसते आणि ओवाळण्यास दुसरी कोणी पुढे होते. जिने पोटाला चिमटा घेऊन त्या मुलीला वाढविले, तिच्या हाताहून शुभ हात कोणता, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

काही वडीलधाऱ्या भगिनी म्हणतात, ‘मास्तर, आम्हांलाच आता ते नको वाटते. बोलावले तरी आम्ही येणार नाही.’ त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. पार्वतीबाईंनाही किती वर्षे लागली हे आपण पाहिलेच. कोणावर सक्ती नको. पण न येण्याचा निर्णय त्यांचा असावा. न बोलावण्याचा आपला नसावा. आमंत्रण गेलेच पाहिजे, आणि एकदा नाकारले तरी पुढच्या वर्षी पुन्हा गेले पाहिजे.

आता माझ्या सूचना. पहिली अशी, की ज्या सभासद-कुटुंबात कर्त्या माणसाचे निधन होईल, तेथे मंडळाने केवळ दुखवट्याचा ठराव पाठवून थांबू नये. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरे रितेपण नंतर येते. तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास मंडळातर्फे एक गृहस्थ व एक भगिनी यांनी त्या घरी जावे. उपदेश करू नये. मुलांची शाळा-फी भरली गेली काय, बँकेचे व विम्याचे कागद मार्गी लागले काय, सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली काय, एवढे विचारावे आणि लागेल तेथे बरोबर चालावे. कचेरीच्या पायऱ्या एकट्या बाईला फार उंच वाटतात; सोबत कोणी असले म्हणजे त्याच पायऱ्या सोप्या होतात.

दुसरी सूचना. आपली शिष्यवृत्ती आज शालेय व महाविद्यालयीन मुलामुलींपुरती आहे. तिचा काही भाग, वयाची अट न घालता, ज्या भगिनींना आपत्तीनंतर पुन्हा शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी राखून ठेवावा. पार्वतीबाईंना पंचविशीनंतर पाटी मिळाली. आपल्या भगिनीला चाळिशीत संगणकाचा किंवा शुश्रूषेचा अभ्यासक्रम का मिळू नये?

तिसरी सूचना घरोघरच्या पुरुषांना आहे, आणि ती सुखाच्या दिवसांतच अमलात आणावयाची आहे. आपल्या पत्नीला घरचे व्यवहार समजावून द्या. खाते कोणत्या बँकेत आहे, कर्ज किती आहे, विमा कोणाचा आहे, कागद कोठे ठेवले आहेत, हे तिला ठाऊक असू द्या. घरावर तिचे नाव लावता येत असेल तर लावा. ‘अशुभ बोलू नका’ असे म्हणून हा विषय टाळला जातो. छत्री घेतल्याने पाऊस येत नाही. पण पावसात छत्री नसली म्हणजे भिजावे लागते. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्नीला पाटीवर मुळाक्षरे काढून दिली. आपण निदान बँकेचे पुस्तक तरी उघडून दाखवावे.

आणि चौथी गोष्ट, जिला पैसा लागत नाही आणि ठरावही लागत नाही. येत्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाची आमंत्रणे सर्व भगिनींना, कोणताही भेद न करता, एकाच नमुन्यात जावीत. महिला शाखेच्या अध्यक्ष येथे उपस्थित आहेत. हे त्यांच्या अधिकारातील काम आहे आणि त्या ते करतील असा मला भरवसा वाटतो.

बंधुभगिनींनो, आपत्ती कोणाच्या घरी केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. ती आल्यावर माणूस खचावा की सावरावा, हे मात्र पुष्कळ अंशी त्याच्या रोजच्या सवयीवर आणि आपणा सर्वांच्या वागणुकीवर अवलंबून असते.  मंडळाच्या पुढील वर्षाच्या अहवालात हिशेबाच्या आकड्यांबरोबर किती घरी तिसऱ्या महिन्यात भेट दिली हाही आकडा वाचावयास मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.